डोळ्याचा आकडा

“बिसेन, डोंगर तरुण निघाला,” पाध्येसर म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

मे महिना, दुपारचे तीन. नागपुरात या वेळेला शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही आणि मूर्ख माणूस पीएच.डी. करतो. खिडकीतला कूलर नुसती गरम हवा फेकत होता, कारण त्याच्या टाकीत पाणी भरायचं काम भोयरबाई करायच्या आणि भोयरबाईंची बदली होऊन सतरा दिवस झाले होते. सतरा दिवसांत ना सरांना ते सुचलं, ना मला.

मी कागद पाहिला. सात नमुने, सात वयं. सगळ्यात वरचा, पाच हजार मीटरच्या आसपासचा दगड अडतीस लाख वर्षांचा. सगळ्यात खालचा, नदीकाठचा, अकरा लाखांचा.

“इतका तरुण?”

“इतका! म्हणजे केवढ्या वेगाने वर आलाय बघ. आपण धरून चाललो होतो त्याच्या दीडपटीहून जास्त. सातही नमुने मी स्वतः मोजलेत, एकेक कण.” सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. डोळे लाल झाले होते, पण चेहरा खुलला होता. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. असा शोध जाता जाता कुणाच्या पदरात पडतो?

मला आनंद व्हायला हवा होता. तो डोंगर माझ्या प्रबंधाचा होता. हिमाचलात सतलजच्या काठाने दोन उन्हाळे चढउतार करून ते सात दगड मी पाठीवरून खाली आणले होते. कुटले, चाळले, त्यातले कण वेगळे काढले. चार वर्षं त्यात गेली होती. पण कागद हातात घेतल्यावर मला फक्त थकवा जाणवला. आकडे चुकलेले आहेत हे मला दिसत होतं, आणि का चुकले तेही बहुधा कळत होतं.

इथे थोडं सांगावं लागेल. ग्रॅनाइटच्या डोंगराला दोन वाढदिवस असतात. एक, जमिनीच्या पोटात खोल शिलारस थिजून त्याचा दगड झाला तो. आमच्या डोंगराचा हा वाढदिवस जुना होता, अठ्ठेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो दुसऱ्या प्रयोगशाळेने काढून दिला होता. दुसरा, तो उठून वर यायला लागला तो. हा आम्ही शोधत होतो. ग्रॅनाइटमध्ये ॲपेटाइट नावाच्या खनिजाचे रव्याएवढे कण असतात आणि त्यांत किंचित युरेनियम असतं. त्याचा एखादा अणू आपसूक फुटला की कणात एक बारीक रेघ उठते. दगड खोल आणि गरम असेपर्यंत रेघा पुसल्या जातात. डोंगर वर सरकला, दगड निवला, की त्या टिकायला लागतात. कण घासायचा, ॲसिडात बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजायच्या. रेघा जास्त, तर उठून बराच काळ झाला. कमी, तर आत्ता आत्ता उठला.

युरेनियम मुळात किती होतं हे कळायला कणावर अभ्रकाचा पापुद्रा लावून तो अणुभट्टीतून आणतात आणि त्या पापुद्र्यावरच्या रेघाही मोजतात. त्या ठळक असतात, कुणालाही दिसतात. गोची आहे ती कणातल्या रेघांची. काही इतक्या पुसट की आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. एकजण धरतो, दुसरा सोडतो. म्हणून आधी प्रत्येकाने वय पक्कं माहीत असलेला दगड मोजायचा आणि त्यावरून आपल्या डोळ्याचा आकडा काढायचा. त्याला झीटा म्हणतात. ज्याचा डोळा त्याचा झीटा. दुसऱ्याचा चष्मा लावून जसं चालता येत नाही, तसं दुसऱ्याच्या झीटाने वय काढता येत नाही.

“सर,” मी म्हणालो, “बदलीच्या आधी बाईंनी वरचे दोन नमुने पाहिले होते. त्यांच्या वहीत सगळ्यात वरच्याचं वय एकसष्ट लाख आहे.”

“बाईंनी?”

“म्हणजे... सहज पाहिले होते.”

“सहज पाहिलेल्याला आपण विज्ञान म्हणत नाही, बिसेन.”

“नाही सर. मी म्हणत होतो, मेक्सिकोचा तो प्रमाण दगड आहे आपल्याकडे. तो एकदा मोजून बघायचा का? तुमचा झीटा तपासून होईल. एका दिवसाचं काम.”

सरांनी चष्मा पुन्हा घातला. आवाज चढवला नाही. सरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकलाच नाही.

“चौदा वर्षं माझा झीटा छापून येतोय. तीनशे छप्पन्न. जर्मनीत लोक तो उद्धृत करतात. आणि तू मला तपासायला सांगतोस?”

“तसं नाही सर.”

“मग कसं?”

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

त्या झीटाची गोष्ट आमच्या विभागात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीच बोलत नव्हतं. पुष्पलता भोयर चौऱ्याऐंशी साली काचसामान धुण्यासाठी लागल्या. मॅट्रिक पास, नवरा अपघातात गेलेला, पदरात दोन मुली. सर तेव्हा नुकतेच परदेशातून ही विद्या शिकून आले होते, पण तासभर सूक्ष्मदर्शकात पाहिलं की त्यांचं अर्धं डोकं उठायचं. एक दिवस गंमत म्हणून त्यांनी बाईंना बसवलं. बाईंनी सरांपेक्षा कितीतरी जास्त रेघा मोजल्या. सरांनी पुन्हा तपासल्या तेव्हा त्या सगळ्या खऱ्या निघाल्या. हे खुद्द सरांनीच मला पहिल्या वर्षी कौतुकाने सांगितलं होतं. सर वाईट माणूस नव्हते. बाईंना इंग्रजी अंक लिहायला, वही ठेवायला त्यांनीच शिकवलं. प्रमाण दगड बाईंनी मोजला, त्यावरून आकडा निघाला, आणि पहिल्या निबंधात तो ‘प्रयोगशाळेचा झीटा’ म्हणून छापला गेला. दुसऱ्या निबंधात तो सरांचा झाला. पुढे चौदा वर्षं बाई मोजत राहिल्या, सर लिहीत राहिले, आणि माझी खात्री आहे की मधे कधीतरी सरांना मनापासून वाटू लागलं की मोजतात तेच.

बिघडलं ते त्या एप्रिलमध्ये. विद्यापीठात तांत्रिक सहायकाची एक जागा निघाली, आमच्याच विभागासाठी. बाईंची बढती होऊ शकत होती. अट एकच, विभागातल्या तांत्रिक कामाचा अनुभव असल्याचा दाखला. बाईंनी सरांकडे तीन ओळी मागितल्या: रेघांची मोजणी श्रीमती भोयर करतात. सरांनी लिहून दिलं की श्रीमती भोयर काचसामानाची स्वच्छता व स्लाइड तयार करण्याचे काम समाधानकारक करतात. बाई आयुष्यात पहिल्यांदा सरांशी भांडल्या. आठवड्याने त्यांच्या हातात परीक्षा विभागात बदलीचा कागद पडला.

आणि आता सर स्वतःच्या डोळ्याने मोजून बाईंच्या आकड्याने गुणत होते.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा विभागात गेलो. बाई उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुतळीने बांधत होत्या. ठेंगणी बाई, केस चापून बांधलेले, सुती पातळाचा पदर कमरेला खोचलेला. मला पाहून त्यांनी गाठ मारली आणि एक गठ्ठा बसायला सरकवला.

“बस. बी.कॉम. भाग दोन आहे, मोडत नाही.”

मी कागद दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, एकेक आकडा बोटाने वाचला आणि हसल्या. मग हसू गेलं.

“अडतीस? हे कोणं मोजलं?”

“सरांनी.”

“आन झीटा?”

“तीनशे छप्पन्न.”

“तो तं माहा आहे.”

“माहीत आहे, बाई.”

“हे पाय,” त्या म्हणाल्या, “माही मूठ आहे मोठी, सराची लहान. मी म्हणलं चार मुठी तांदूळ टाका, आन त्याईनं आपल्या चार मुठी टाकल्या. मंग भात कमी नाही पडणार तं का होईन? त्याईले पुसट रेघा दिसतच नाही. पहिल्यापासून नाही दिसत.” त्यांनी कागद परत दिला. “डोंगर गरीब बिचारा. त्याचं वय कमी करून टाकलं.”

“सर छापायला पाठवणार आहेत.”

“पाठवू दे.” त्यांनी दुसरा गठ्ठा ओढला. सुतळी आवळून गाठ मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “गुरुवारी माही समिती आहे. म्या अर्ज केला वरती. दाखला नाही तं नाही, पण साक्षीदार आहे म्हणून लिहिलं. तुहं नाव लिहिलं, हेमराज. तुले इचारलं नाही, ते माहं चुकलं.”

मी कागद पुन्हा खिशात ठेवला.

“तुले काही जास्तीचं बोलाचं नाही. चार वर्षं तू पाहून राहिला, कोण मोजते ते. तेवढंच सांगजो. मले पगाराचं काही नाही, पोरी लागल्या मार्गाले. पन मले तिथं वापस बसाचं आहे. इथं दिवसभर सुतळी बांधतो, घरी जातो, डोळे मिटले का रेघाच दिसते. सात-आठ वर्षं राह्यली माही नोकरी. मंग संपलं.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“पक्कं?”

“पक्कं, बाई.”

ते मी मनापासून म्हणालो होतो. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी तेव्हाच खोटं बोलत होतो. खोटं बोलायला थोडी ताकद लागते. माझ्यात तीही नव्हती. जूनअखेर शिष्यवृत्ती संपत होती. गोंदियाच्या कॉलेजने प्रबंध दाखल झाल्याचं पत्र आणा, जागा धरून ठेवतो, असं कळवलं होतं. वडिलांचा दर रविवारी बूथवरून फोन यायचा, “झालं का रे?” आणि मी दर रविवारी “होत आलं” म्हणायचो.

बुधवारी सरांनी बोलावलं. टेबलावर माझा प्रबंध होता, टंकलेला, अजून न बांधलेला. सरांच्या हातात उघडं पेन होतं.

“चांगलं लिहिलंस. भाषा थोडी कोरडी आहे, पण चालेल. सोमवारपर्यंत सही करीन म्हणतो.”

“थँक यू सर.”

“तिसऱ्या प्रकरणात माझी नवी वयं घातलीस ना?”

“घातली सर.”

सर पान उलटत राहिले. मग म्हणाले, “उद्या तुला बोलावलंय म्हणे समितीने.”

“हो सर.”

“जा. जे खरं आहे ते सांग.”

आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. एवढंच झालं. धमकी नाही, दरडावणी नाही. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. रागही आला नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होती आणि मला त्या क्षणी नुसतं झोपायचं होतं.

गुरुवारी समितीच्या खोलीत तिघं होते. उपकुलसचिव, त्यांचा टिपणं घेणारा कारकून आणि रसायनशास्त्राच्या प्रमुख मुळावकर मॅडम. बाई भिंतीलगतच्या खुर्चीवर बसल्या होत्या. इस्त्रीचं पातळ नेसून आल्या होत्या, मांडीवर त्यांच्या चौदा वह्यांपैकी तीन होत्या. बाकीच्या सरांच्या कपाटात कुलपाखाली.

“बिसेन,” उपकुलसचिव म्हणाले, “या बाईंचं म्हणणं आहे की पाध्येसरांच्या संशोधनातली मोजणी त्या करायच्या. सरांचं लेखी म्हणणं आहे की त्या स्लाइड तयार करायच्या. वह्यांत नुसते आकडे आहेत, सही कुणाचीच नाही. तुम्ही चार वर्षं तिथे आहात. यांना मोजताना पाहिलंय तुम्ही?”

मी बाईंकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या काचेखाली कुणाच्या तरी सत्काराचा फोटो होता, त्याकडे पाहिलं.

“सूक्ष्मदर्शकाशी बसलेलं पाहिलंय.”

“मोजताना?”

“ते... नक्की सांगता येणार नाही.”

मुळावकर मॅडम पुढे झुकल्या. “घाबरू नका. साधा प्रश्न आहे. एक माणूस सूक्ष्मदर्शकाशी बसतो तो काय करायला?”

पंखा फिरत होता. कारकून पेन उचलून थांबला होता. मला आजही वाटतं की त्या क्षणी एक शब्द पुरेसा होता आणि तो माझ्या तोंडापर्यंत आला होता.

“स्लाइड नीट लागली की नाही, ते बघायला बसत असतील,” मी म्हणालो.

कारकुनाने लिहून घेतलं.

“तुम्हाला काही म्हणायचंय का, बाई?” मॅडमनी विचारलं.

“नाही जी,” बाई म्हणाल्या. “त्यानं सांगतलं नं.”

त्या वह्या पिशवीत भरून उठल्या. माझ्या अंगावरून गेल्या. मला वाटलं, शिव्या देतील, निदान बघतील तरी. त्यांनी बघितलंही नाही. मी बाहेर येऊन कॅन्टीनमागच्या नळावर तोंड धुतलं.

शुक्रवारी निकाल लागला. बाईंचा अर्ज फेटाळला. जागा रद्द.

शनिवारी संध्याकाळी मी वसतिगृहाच्या खोलीवर आडवा पडलो होतो. दार वाजलं. बाई होत्या. तीन जिने चढून आल्यामुळे धापा टाकत होत्या. मी उठून उभा राहिलो. पाया पडावं की काय कळेना.

“डिपार्टमेंटची चावी तुह्याकडेच असते नं?”

“हो.”

“उद्या सकाळी सातले उघडजो. सर रविवारी येत नाही. पाच नमुने राह्यले माहे. एका रविवारात नाही होणार, दोन लागन.”

“बाई, मी...”

“तू बोलू नको,” त्या म्हणाल्या. “मी तुह्यासाठी नाही येऊन राह्यली. तुहं तोंड पाहाची मले हौस नाही. तो डोंगर माह्या हातचा आहे. म्या तो पाह्यला नाही, पाहणारही नाही. रामटेकच्या वर मी काही चढली नाही जिंदगीत. पन त्याचे कण म्या घासले, वरचे दोन मोजले. आता कोणी त्याचं वय वाकडं लिहून ठेवन आन तेच कायम राहीन, हे मले सहन होत नाही. अर्धं काम टाकून मले झोप लागत नाही.”

त्या वळून जिना उतरून गेल्या. चहा विचारायचंही मला सुचलं नाही.

ते दोन रविवार मी विसरू शकत नाही. सात वाजता बाई यायच्या. आधी बादली घेऊन कूलरमध्ये पाणी भरायच्या. मी “मी भरतो” म्हटलं तेव्हा त्यांनी बादली सोडली नाही. मग सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढून घडी करायच्या, पदराने खुर्ची पुसायच्या आणि बसायच्या. डोळा लावला की त्या वेगळीच बाई व्हायच्या. पाठ सरळ, ओठ किंचित हलत. मी शेजारी वही घेऊन, भिंगातल्या जाळीच्या एकेका चौकटीतल्या रेघांचा आकडा लिहायला.

“चौकट पहिली. नऊ.”

मी नऊ लिहायचो.

“दुसरी. सात. थांब. आठ. एक दबून बसली आहे खालच्या अंगाले.”

आठ.

एका कणाच्या चौकटी संपल्या की पुढचा कण, मग त्याच्यावरचा अभ्रक. तासाभराने त्या डोळे मिटून दोन मिनिटं भिंतीला डोकं टेकायच्या. दुपारी डब्यातली भाकरी आणि कांद्याचं पिठलं एकट्याच खायच्या. मला विचारायच्या नाहीत. मी पाव खायचो. बोलणं आकड्यांपुरतं. पहिल्या रविवारी संध्याकाळी मी धीर करून म्हटलं, “मलाही कधी जमेल का हो बाई असं?” माझा स्वतःचा झीटा दर आठवड्याला वेगळा यायचा, म्हणून सरांनी मला मोजणीला बसवणं कधीच सोडलं होतं.

“तुह्या डोळ्याची गोष्ट नाही ते,” त्या म्हणाल्या. “पुसट रेघ दिसली का तू लय इचार करतो, धरू का सोडू. तेवढ्यात ती हातची जाते. दिसली तं दिसली म्हणाव.”

मी मान खाली घातली. त्यांनी टोमणा मारला होता की नुसती मोजणी शिकवली होती, मला विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या रविवारी पाच वाजता सातवा नमुना संपला. मी तिथेच बसून वयं काढली. अठरा लाखांपासून एकसष्ट लाखांपर्यंत, खालून वर सरळ चढत गेलेली. ओळीने उभे केले असते तर एकही रांगेबाहेर गेला नसता. डोंगर सावकाश वर आला होता, घाई न करता.

“बरोबर आली?” बाईंनी विचारलं.

“अगदी.”

“मंग झालं.” त्यांनी कापड उलगडून सूक्ष्मदर्शकावर घातलं, चारी कोपरे नीट ओढले. मग माझ्याकडे पाहिलं, समितीनंतर पहिल्यांदाच सरळ. “हे तुह्या पुस्तकात घाल. सराचे आकडे काढून टाक.”

“आणि मोजणी कुणी केली म्हणून लिहू?”

आता हे मी का विचारलं? मला वाटतं मला त्यांच्याकडून परवानगी हवी होती. कुठली ते मलाही नक्की माहीत नव्हतं.

“ते तू पाय,” बाई म्हणाल्या. “मी समितीत सांगून पाह्यलं.”

चपला घालून त्या गेल्या.

मधल्या सोमवारी सरांची सही व्हायच्या आत, थोड्या दुरुस्त्या राहिल्यात म्हणून मी प्रबंध परत आणला होता. पुढचे तीन दिवस-रात्र मी तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. पहिल्या मसुद्यात मी बाईंचं पूर्ण नाव घातलं होतं. तो मसुदा एक दिवस टिकला. बाईंनी मोजलं असं लिहायचं तर समितीत मी काय बोललो होतो? आणि मग सरांच्या चौदा वर्षांचं काय? सही कोण करणार? मी ते पान फाडलं. नंतर नाव न घालता नुसतं ‘मोजणी केली गेली’ असं लिहिलं. पण परीक्षक विचारणार, कुणाचा झीटा? शेवटी एक ओळ लिहिली आणि ती टंकून घेतली. टंकणाऱ्याला शंभरदा टंकलेल्या ओळींतली एक, त्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

गुरुवारी प्रबंध सरांपुढे ठेवला.

“सर, तिसरं प्रकरण बदललंय. मी सातही नमुने पुन्हा मोजले.”

“तू?”

“हो सर. रविवारी बसून.”

सरांनी तक्ता वाचला. वरून खाली, मग खालून वर. बराच वेळ. चष्मा काढला, घातला. दारातून बाहेर रिकाम्या खुर्चीकडे त्यांची नजर गेली की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. ते म्हातारे दिसत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, त्या क्षणी आम्ही दोघं मला अगदी एकसारखे वाटलो.

“म्हणजे डोंगर म्हाताराच आहे म्हणायचा.”

“हो सर.”

“माझा निबंध अजून पाठवला नव्हता, ते बरं झालं.” त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. “हा तुझा झीटा?”

“हो सर.”

“तीनशे छप्पन्न.”

“हो सर.”

“माझाही तोच आहे.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि शेवटच्या पानावर सही केली, खाली तारीख घातली, शाई वाळायला थोडं थांबले.

“चांगला डोळा आहे तुझा, बिसेन,” ते म्हणाले.

“थँक यू सर,” मी म्हणालो.